छोट्या कंत्राटदाराचा हिशेब आणि कर: बिलाच्या कपातीपासून विवरणपत्रापर्यंत

ग्रामपंचायतीची नाली असो, जिल्हा परिषदेची शाळाखोली असो, पांदण रस्त्याचं मुरुमीकरण असो की भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची दुरुस्ती असो, हिशेबाची चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. खात्यात जी रक्कम पडली तीच आपली उलाढाल धरली जाते. कपात होऊन आलेला आकडा विवरणपत्रात जातो. कार्यालयानं पूर्ण बिलाचा आकडा आयकर खात्याला आधीच कळवलेला असतो. पुढे विचारणा येते तेव्हा कपातीचा कागद कोणाकडेच सापडत नाही.

म्हणून हिशेब पासबुकापासून न धरता बिलापासून धरायचा. पुढचे सगळे टप्पे त्याच क्रमाने आहेत, आणि क्रम मोडला की घोळ सुरू होतो. मजकूर मुख्यतः स्वतःच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटर म्हणून काम करणाऱ्यांसाठी आहे. प्रायव्हेट लिमिटेड काढली असेल तर टप्पा ८ आधी वाचा.

कायद्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे मी ४४एडी (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून कर), १९४सी (ठेकेदाराच्या बिलातून आधीच कर कापणं, म्हणजे टीडीएस) आणि २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचा उतारा) ही तोंडात बसलेली जुनीच नावं वापरली आहेत.

## टप्पा १: काम घेण्याआधीची तयारी

खातं वेगळं करा. कापसाचे, सोयाबीनचे पैसे, पीककर्ज, घरखर्च आणि कामाचं बिल हे सगळं एकाच बचत खात्यात येत असेल तर वर्षाअखेरीस कोणती जमा कशाची हे तुम्हालाच सांगता येणार नाही. धंद्यासाठी एक चालू खातं उघडा. शेतीचे पैसे शेतीच्या खात्यात राहू द्या आणि बाजार समितीची काटापट्टी, हिशोबपट्टी जपून ठेवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते शेतीचंच आहे हे दाखवणं तुमच्या अंगावर असतं.

लॉगिन स्वतःच्या हाती ठेवा. आयकर आणि जीएसटी या दोन्ही पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच हवा. तालुक्याच्या गावी फॉर्म भरून देणाऱ्याने स्वतःचा ईमेल टाकलेला असतो. नोटीस त्याच्याकडे जाते, तो तोवर दुकान बदलून गेलेला असतो आणि उत्तराची मुदत तुमची निघून जाते. काम दुसऱ्याकडून करून घ्या, पण पासवर्ड तुमच्या वहीत असू द्या.

जीएसटी नोंदणीचं ठरवा. बांधकामाचा ठेका ही जीएसटीत सेवा धरली जाते. त्यामुळे महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांची उलाढाल ओलांडली की नोंदणी सक्तीची. मालासाठी असलेली ४० लाखांची मर्यादा इथे लागू नाही, आणि हा गैरसमज सर्रास आढळतो. २० लाखांच्या आत असूनही बरीच कार्यालयं निविदेसोबत जीएसटी क्रमांक मागतात, तेव्हा तो आधीच काढलेला बरा. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही, एक रुपयाही नाही.

५० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना घेता येते. पण त्यात कार्यालयाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. ज्या कामाच्या अंदाजपत्रकात जीएसटी वेगळा धरलेला असतो, तिथे ही योजना बहुधा तोट्याचीच पडते.

व्यवसाय कर भरा. स्वतःच्या नावाचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून. रक्कम लहान म्हणून राहून जाते आणि पुढे एखाद्या दाखल्यासाठी अडते.

कार्यारंभ आदेश वाचा. रक्कम जीएसटीसह आहे की वगळून, सुरक्षा ठेव किती टक्के कापणार, दोष दायित्व कालावधी (कामातले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत) किती आणि पैसे कोणत्या टप्प्यावर देणार, या चार गोष्टींखाली रेघ मारा.

सावध: आदेशात ५,९०,००० रुपये जीएसटीसह लिहिलं असेल तर मूळ रक्कम काढायला त्यातून १८ टक्के वजा करायचे नसतात, तिला १.१८ ने भागायचं असतं. वजा केलं तर ४,८३,८०० येतात, आणि ते चूक आहे. भागलं तर ५,००,००० येतात, ते बरोबर.

## टप्पा २: एका कामाला एक वहीपान

टॅली असेल तर उत्तम. नसेल तर दोनशेपानी वही चालते, फक्त प्रत्येक कामाला स्वतंत्र पान हवं. पानाच्या डोक्यावर कामाचं नाव, आदेश क्रमांक आणि तारीख, कार्यालयाचं नाव, त्याचा टॅन (कर कापणाऱ्याचा आयकर क्रमांक) आणि जीएसटी क्रमांक लिहा. त्याखाली डावीकडे त्या कामावरचा खर्च, उजवीकडे निघालेली बिलं.

टॅन आत्ताच लिहून घ्यायचं कारण असं की काम ग्रामपंचायतीचं असतं, पण कपात कधी पंचायत समितीच्या टॅनवर होते तर कधी बांधकाम उपविभागाच्या. २६एएसमध्ये भलतंच नाव दिसलं की लोक गोंधळतात आणि आपलीच कपात आपली नाही म्हणून सोडून देतात.

एमबीवर (कार्यालयाच्या मोजमाप पुस्तिकेत) मोजमाप चढलं की त्या पानाचा फोटो काढा. शाखा अभियंता बदलून गेल्यावर जुनी एमबी मिळवणं म्हणजे कचेरीच्या पायऱ्या झिजवणं.

## टप्पा ३: बिल निघालं की आधी कपातीचं पत्रक

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की लोक सिमेंटवाल्याची उधारी फेडायला निघतात. आधी कार्यालयात जा आणि त्या बिलाच्या कपातीचं पत्रक घ्या. ते हातात आल्याशिवाय वहीत जमा लिहूच नका.

समजा सिमेंट काँक्रीट रस्त्याचं काम आहे. कामाची रक्कम ५,००,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०,०००, एकूण बिल ५,९०,०००. सरकारी बांधकामाचा दर १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के आहे. मातीकामाच्या ठेक्यांना मिळणारा १२ टक्क्यांचा दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेव्हा जुन्या अंदाजपत्रकावर १२ टक्के दिसले तर आधी विचारा. आपल्या बिलातून नमुन्यादाखल अशी कपात झाली:

- आयकर टीडीएस १ टक्का: ५,०००
- जीएसटी टीडीएस २ टक्के: १०,०००
- कामगार कल्याण उपकर १ टक्का: ५,०००
- सुरक्षा ठेव ५ टक्के: २५,०००
- रेती, मुरूम, गिट्टीवरची सरकारी रॉयल्टी, वाहतूक पास कमी पडल्यामुळे: १२,०००

एकूण कपात ५७,०००. खात्यात पडले ५,३३,०००.

आता प्रत्येक आकडा कुठे जातो ते पाहा.

आयकरासाठी उलाढाल ५,००,००० आहे. ५,३३,००० नाही आणि ५,९०,००० पण नाही. ९०,००० हा सरकारचा जीएसटी आहे, तुमच्या हातून नुसता जातो. ५,००० चा आयकर टीडीएस तुमच्या नावे आगाऊ भरलेला कर आहे, विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. १०,००० चा जीएसटी टीडीएस तुमच्या जीएसटी खात्यात रोख म्हणून यायला हवा, पण तो आपोआप येत नाही, त्याबद्दल टप्पा ५ मध्ये सांगतो. उपकर आणि रॉयल्टी हा खर्च. २५,००० ची ठेव हा खर्च नाही, ती तुमची येणी आहे. तिच्यासाठी वहीच्या शेवटी वेगळं पान करा आणि ती सुटण्याची तारीख लिहा. दोष दायित्व कालावधी संपला तरी अर्ज केल्याशिवाय कार्यालय स्वतःहून पैसे देत नाही. कितीतरी ठेकेदारांची ठेव निव्वळ अर्ज न केल्यामुळे पडून असते.

टीडीएसबद्दल दोन बारीक मुद्दे. आयकर टीडीएस व्यक्तीला १ टक्का आणि फर्म किंवा कंपनीला २ टक्के आहे. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो वगळून कपात होते. जीएसटी टीडीएस हा कराराची किंमत जीएसटी वगळून २.५ लाखांच्या वर असेल तरच लागतो. पॅन दिला नसेल किंवा चुकीचा दिला असेल तर आयकर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो, म्हणून बिलावरचा पॅन दरवेळी डोळ्यांनी तपासा.

तपासा: मूळ रक्कम अधिक जीएसटी वजा सगळ्या कपाती हे गणित बँकेच्या जमेशी रुपयाला रुपया जुळतं का? जुळत नसेल तर एखादी कपात पत्रकात राहिली आहे. बहुधा विमा, दंड किंवा चाचणीचा खर्च.

## टप्पा ४: खर्चाचे कागद

सिमेंट, सळई, गिट्टी, चुरी ही खरेदी तुमच्या जीएसटी क्रमांकाच्या पक्क्या बिलावर आणि बँकेतूनच करा. दुकानदार म्हणतो, बिलाशिवाय घ्या, चुंगडीमागे (पोत्यामागे) थोडं कमी करतो. त्या वाचलेल्या रुपयांपेक्षा करातली वजावट बहुतेक वेळा जास्त भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तोही पक्क्या बिलावरच वळता मिळतो. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. पंपाच्या पावतीवर वजावट नसते, पण खर्चासाठी पावती ठेवा.

रेती, मुरूम आणि गिट्टी आली की वाहतूक पास कामाच्या पानाला टाचून ठेवा. बिलाच्या वेळी पास नसतील तर कार्यालय तेवढ्या परिमाणाची रॉयल्टी कापतं. क्रशरवाल्याला रॉयल्टीसह भाव दिला असेल तर ती तुम्ही दोनदा भरलेली असते.

मजुरीचं पान सगळ्यात कच्चं असतं. मिस्त्री, रेजा, सेंट्रिंगवाले, सगळ्यांची रोजची हजेरी लिहा. आठवड्याच्या चुकाऱ्याला नाव, दिवस, दर, दिलेली उचल आणि सही किंवा अंगठा घ्या. मेटाला (मजुरांच्या मुकादमाला) एकगठ्ठा ६०,००० रोख देऊन त्याचं नाव लिहिणं हा हिशेब होत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर पुस्तकं ठेवून नफा दाखवणाऱ्याला तो खर्च धरता येत नाही. माल वाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. हातउसने २०,००० किंवा जास्त रोखीने घेऊ नका आणि रोखीने फेडूही नका, दोन्हीला दंड आहे. मेव्हण्याकडून घेतले तरी तोच नियम.

सावध: तालुक्याच्या बाजारात "बिलं मिळतात". माल न घेता नुसतं सिमेंटचं बिल घेऊन कर वळता करणं ही फसवणूक आहे. विकणाऱ्याची नोंदणी रद्द झाली की त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी खात्याकडे येते. कर, व्याज आणि कराइतका दंड भरावा लागतो, वर खटल्याची टांगती तलवार.

## टप्पा ५: जीएसटी, आणि तोही वेळेवर

उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही पद्धत घेता येते. जीएसटीआर-१ (तुम्ही काढलेल्या बिलांचं विवरण) तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी (कराचा हिशेब आणि भरणा) महाराष्ट्रासाठी २२ तारखेपर्यंत, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत पीएमटी-०६ चलनाने. महिन्याची पद्धत असेल तर ११ आणि २० तारीख. बिलं वर्षाला दोन-तीनच निघत असतील तर तिमाही सोयीची.

काम नसेल तरी शून्य विवरण भरावंच लागतं. पावसाळ्यात कामं बंद, म्हणून विवरणही बंद, असं करणारे खूप आहेत. शून्य विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, व्यवहार असलेल्याला ५० रुपये. सहा महिने सलग नाही भरलं तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि ते कळतं नेमकं नव्या निविदेच्या आदल्या दिवशी.

क्रम असा ठेवा:

१. आधी बीजक. पैसे देण्याची तारीख करारात ठरलेली असेल तर त्या तारखेपर्यंत, ठरलेली नसेल तर पैसे मिळताना किंवा त्याआधी बीजक काढायचं. पण हप्ता एखादा टप्पा पूर्ण होण्याशी बांधलेला असेल तर टप्पा पूर्ण होईपर्यंत बीजक निघालं पाहिजे. मार्चएंडिंगला फाइल पुरी करायची म्हणून कार्यालय पक्कं बीजक मागतं, निधी मात्र दिवाळीला येतो. बीजक मार्चच्या तारखेचं असेल तर कर एप्रिलमध्येच खिशातून भरावा लागतो. कराराचं कलम परवानगी देत असेल तर तेव्हा प्रोफॉर्मा (कच्चं बीजक) द्या आणि पक्कं बीजक पैसे निघताना काढा.

२. मग जीएसटीआर-२बी, म्हणजे दुकानदारांनी कळवलेल्या तुमच्या खरेदीची पोर्टलवरची यादी. ती १४ तारखेला तयार होते. तुमच्या हातातली खरेदीची बिलं आणि २बी यांची यादी शेजारी ठेवून टिक करा. २बीत नसलेल्या बिलाची वजावट घेऊ नका, दुकानदाराला फोन करा. एखाद्या वर्षातली राहिलेली वजावट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते. आणि उधारी १८० दिवसांत फेडली नाही तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. थकीत बिलांच्या काळात हा नियम फार बोचतो.

३. मग जीएसटी टीडीएस स्वीकारा. कार्यालय पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-७ (जीएसटी टीडीएसचं विवरण) भरतं. त्यानंतर जीएसटी पोर्टलवर सर्व्हिसेस, मग रिटर्न्स, मग टीडीएस अँड टीसीएस क्रेडिट रिसीव्हड हे पान उघडा, रक्कम जुळते का पाहा, स्वीकारा आणि ओटीपीने फाइल करा. हे केल्यावरच पैसे तुमच्या रोख लेजरमध्ये येतात. ही पायरीच ठाऊक नसल्यामुळे दोन-दोन वर्षांचा टीडीएस तिथेच पडलेला असतो आणि ठेकेदार मात्र दर तिमाहीला घरून पैसे घालत असतो.

४. शेवटी ३बी. आपल्या उदाहरणात जीएसटी ९०,०००. खरेदीवरची वजावट समजा ४२,०००. उरले ४८,०००. त्यातले १०,००० टीडीएसमधून. प्रत्यक्ष भरायचे ३८,०००. बिलाचे पैसे पडले त्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका. धाकट्याच्या लग्नात ती खर्च झाली तर १८ टक्के व्याजाने भरावी लागते.

रोख लेजरमध्ये टीडीएस साचत जात असेल तर त्याचा परतावा आरएफडी-०१ ने मागता येतो. पडून राहू देऊ नका.

सीमेवरच्यांसाठी: काम बालाघाटकडे किंवा आदिलाबादकडे असेल तर ती जागा परराज्यातली, म्हणून बिलावर आयजीएसटी लागतो. तुमचं ऑफिस गोंदियात की वणीत, याने फरक पडत नाही.

## टप्पा ६: लायसन्स एकाचं, काम दुसऱ्याचं

ग्रामीण भागात हे उघड गुपित आहे. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून एकाची नोंदणी, काम करणारा दुसरा, आणि नाव वापरू दिल्याबद्दल काही टक्के. करारात बऱ्याचदा पोटकंत्राटाला मनाई असते, तो धोका वेगळाच. इथे फक्त कराचं सांगतो, कारण नाव देणाऱ्या पोराला आपण काय ओढवून घेतलं याचा पत्ताच नसतो.

बिल त्याच्या नावे निघालं म्हणजे पूर्ण उलाढाल त्याची. जीएसटी भरायची जबाबदारी त्याची. हाती आले २ टक्के, पण ४४एडीमध्ये नफा धरला जातो उलाढालीच्या किमान ६ टक्के. म्हणजे न मिळालेल्या कमाईवर तो कर भरतो. त्यापेक्षा कमी नफा दाखवायचा तर पूर्ण पुस्तकं हवीत, आणि ४४एडी आधी घेतली असेल तर बहुधा लेखापरीक्षणही. अशी दोन-चार मोठी कामं मिळून जीएसटी नोंदणीची २० लाखांची किंवा टीडीएस कापायला लावणारी १ कोटीची मर्यादा कधी ओलांडली हे त्याला कळतही नाही.

करायचंच असेल तर पेटी ठेका (पोटकंत्राट) म्हणून लेखी करा. पैसे बँकेतून द्या, पेटी ठेकेदाराचं बिल घ्या, त्याची जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटीसह. आदल्या वर्षी तुमची उलाढाल १ कोटीच्या वर असेल तर त्याला देताना १९४सी प्रमाणे टीडीएसही तुम्हालाच कापून भरावा लागतो. खात्यात आलेली रक्कम लगेच एटीएममधून काढून हातात देणं, ही सगळ्यात वाईट पद्धत. त्याचा एकही कागद उरत नाही.

## टप्पा ७: वर्षातून चार वेळा २६एएस

कार्यालयं टीडीएसची तिमाही विवरणं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे पर्यंत भरतात. त्यानंतर दोन आठवड्यांनी आयकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावावरच्या व्यवहारांचा उतारा) उघडा आणि वहीतल्या प्रत्येक बिलाचा टीडीएस शोधा. मिळाला की टिक.

नसेल तर तीन शक्यता असतात. पॅनचं एक अक्षर चुकलंय, कापला पण भरला नाही, किंवा भरला पण विवरणात घातला नाही. बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि पॅन लिहून लेखी अर्ज द्या, दुरुस्ती विवरण भरण्याची विनंती करा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. तोंडी सांगू नका. ग्रामसेवक किंवा लेखापालाची बदली झाली की तोंडी सांगणं हवेत जातं. सोबत फॉर्म १६ए (टीडीएसचं प्रमाणपत्र) मागा.

कधीकधी कार्यालय २६एएसमध्ये जीएसटीसह पूर्ण ५,९०,००० दाखवतं. मग तुमची उलाढाल आणि खात्याचा आकडा यांत ९०,००० चा फरक पडतो. घाबरायचं कारण नाही, पण तो फरक कशाचा हे त्याच दिवशी कामाच्या पानावर लिहून ठेवा.

## टप्पा ८: कंपनी काढली असेल तर

कर्ज मिळतं, मोठ्या वर्गाची नोंदणी मिळते असं ऐकून काही जण प्रायव्हेट लिमिटेड काढतात. वर्षाला चाळीस-पन्नास लाखांची कामं करणाऱ्याने ती काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काढलीच असेल तर एवढं माहीत हवं:

- कंपनीला ४४एडी नाही. पुस्तकं पूर्ण ठेवावी लागतात आणि उलाढाल एक रुपया असो वा नसो, कंपनी कायद्याचं लेखापरीक्षण सक्तीचं.
- कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नाहीत. पगार, लाभांश किंवा खर्चाची भरपाई म्हणूनच ते बाहेर येतात. बायकोच्या उपचाराला किंवा शेतीच्या खताला कंपनीतून काढलेली उचल संचालकाला दिलेलं कर्ज ठरते, आणि त्यावर कंपनी कायदा आणि आयकर, दोन्ही आडवे येतात.
- स्थापनेनंतर १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू केल्याची घोषणा), दरवर्षी सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (ताळेबंद आणि हिशेब) आणि ६० दिवसांत एमजीटी-७ए (वार्षिक विवरण). उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. तीन वर्षं सलग वार्षिक विवरणं राहिली तर संचालक अपात्र ठरतो.

काम बंद पडलेली कंपनी तशीच सोडून देऊ नका, ती रीतसर बंद करून घ्या.

## टप्पा ९: वर्षाचं विवरणपत्र

वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल, किंवा रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत ठेवून ३ कोटींच्या आत असेल, तर ४४एडीचा मार्ग खुला आहे. बँकेतून आलेल्या रकमेवर नफा किमान ६ टक्के, रोखीच्या जमेवर ८ टक्के. सरकारी बिलं सगळी बँकेतूनच येतात, तरी सवयीने ८ टक्के भरणारे आहेत. दुसरीकडे, खरा नफा १५ टक्के असताना ६ दाखवणंही बरोबर नाही. जास्त कमावलं असेल तर जास्तच दाखवायचं. त्याच वर्षी ट्रॅक्टर आणि प्लॉट घेतलेला असेल आणि नफा तीन लाख दाखवला असेल, तर एआयएसमध्ये दोन्ही गोष्टी शेजारी दिसतात.

एकदा ४४एडी घेऊन पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षं ती परत मिळत नाही. म्हणून ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षी घाईने उडी मारू नका.

आता शेतीवाल्यांसाठी. ४४एडीवाले सहसा आयटीआर-४ भरतात. पण शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ लागतो. चार एकर कपाशी असलेल्या ठेकेदाराने शेती न दाखवता आयटीआर-४ भरणं ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्तच राहतं, फक्त बाकी उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जातं.

६० लाखांची उलाढाल आणि ६ टक्के नफा असेल तर उत्पन्न ३,६०,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. कापलेला ६०,००० चा टीडीएस मग पूर्ण परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. "कर लागत नाही तर भरायचं कशाला" म्हणणारे हे पैसे सरकारकडे सोडून देतात.

टीडीएस वजा जाऊनही १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ४४एडीवाल्यांना तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. विवरणपत्राची मुदत दरवर्षी पोर्टलवर पाहून घ्या, अलीकडे ती बदलत आली आहे. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा आणि परताव्याचं बँक खातं पोर्टलवर प्रमाणित करा. या दोन गोष्टी राहिल्या म्हणून परतावा अडतो.

तपासा: सादर करण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन आकडे लिहा. वहीतली वर्षाची उलाढाल, जीएसटी विवरणांतली उलाढाल आणि २६एएसमधली एकूण रक्कम. तिन्ही जुळायलाच हवेत असं नाही, पण प्रत्येक फरकाचं कारण एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. जीएसटी बीजकाचं वर्ष आणि टीडीएसचं वर्ष वेगळं असणं हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

## टप्पा १०: विचारणा आली तर

जीएसटीकडून एएसएमटी-१० (विवरणातल्या तफावतीची नोटीस) आली की ३० दिवसांत एएसएमटी-११ ने उत्तर द्यायचं. जीएसटीआर-१ आणि ३बी यांतल्या फरकाची डीआरसी-०१बी आली तर मुदत फक्त ७ दिवस. दोन्ही पोर्टलवरच येतात, पोस्टमन घरी आणून देत नाही. म्हणून दर आठवड्याला एकदा लॉगिन करा.

उत्तरात मोठं स्पष्टीकरण लिहू नका. टप्पा ९ मधला तीन आकड्यांचा कागद, त्या कामांची वहीपानं, कपातीची पत्रकं आणि बँक उतारा जोडा, फरकाची कारणं क्रमांकाने द्या. चूक खरंच निघाली तर कर आणि व्याज डीआरसी-०३ ने भरून त्याची प्रत उत्तराला लावा.

जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. २ कोटींच्या आत असणाऱ्यांना जीएसटीआर-९ भरण्यातून सूट मिळत आली असली तरी कागद ठेवण्यातून सूट नाही. वर्षाचं एक बोचकं बांधा, वर आर्थिक वर्ष लिहा, आणि ते उंदीर-वाळवी पोचणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत ठेवा. थर्मल कागदाच्या पावत्या पावसाळ्याआधीच झेरॉक्स करून घ्या, वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात.